निघून जायची तालीम

ऑक्टोबर लागला की आमच्या गावाला कात्रीचा आवाज येतो. आधी एका बागेतून, मग पलीकडच्या बागेतून, आणि आठवड्याभरात चारी बाजूंनी. विट्याच्या बाजाराला गेलेला माणूस परत येताना वेशीजवळ डोळे मिटूनही सांगेल, फळछाटणी सुरू झाली. द्राक्षाची हिरवीगार बाग बघता बघता उघडी पडते. पानं खाली, काड्या खाली, आणि वर तारांना बांधलेले नुसते तपकिरी हात. परगावचा माणूस ते बघून हळहळतो. आम्ही खूश असतो, कारण आमचं वर्ष इथून सुरू होतं. पाडव्याला गुढी उभारतो ती आपली रीत म्हणून.

यंदा पहाटेचं धुकं जरा लवकर आलंय. छाटलेल्या काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब धरतो आणि ऊन वर येईपर्यंत तिथंच लटकत राहतो. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून तिला औषध लावतात, त्याचा वास नाकाच्या शेंड्याला चावतो. छाटणीच्या टोळीतल्या बायकांचे, त्या औषधानं लाल झालेले हातमोजे कुंपणाच्या तारेवर वाळत घातलेले असतात. लांबून वाटतं, बागेनंच कशाला तरी मत द्यायला हात वर केलेत.

या दिवसांत आमच्यात कुणी कुणाला तब्येत विचारत नाही. ‘बाग किती दिवसांची झाली?’ असं विचारतात. छाटणीचा दिवस म्हणजे शून्य, तिथून पुढं सगळं मोजायचं. लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न, बँकेच्या रांगेत हाच, सावडायला गेलं तरी दबक्या आवाजात हाच. एकदा मी दवाखान्यात सलाईन लावलेल्या पाहुण्याला सवयीनं विचारून बसलो. त्यानं डोळे न उघडता बिनचूक उत्तर दिलं, वर माझी बाग किती दिवसांची ते विचारलं. नर्सला वाटलं, दोघांनाही भरती करून घ्यावं.

माझी ओळख सांगायची राहिली. मी विलास. बाग माझीही आहे, पण गाव मला ओळखतं ते माईकमुळं. गणपती असो, जत्रेतलं कुस्तीचं मैदान असो, की बायकांच्या हळदीकुंकवाचा कार्यक्रम, माईक माझ्या हातात येतो आणि तो परत घ्यायला दोन माणसं लागतात. आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात मी पंपसेट विकलेत. ‘या कुस्तीचं बक्षीस अमुक टायरवाल्यांच्या सौजन्यानं’ हे वाक्य मी असं म्हणतो की टायरवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा जाहिरातीशी माझं वैर आहे असा समज कुणी करून घेऊ नये. जाहिरातीवर मी पोसलेला माणूस आहे. म्हणूनच त्या एका वर्षीच्या ऑक्टोबरची गोष्ट मला दर छाटणीला नव्यानं आठवते, आणि आठवली की पाठ ताठ होते.

आमचा द्राक्षवाल्यांचा एक गट आहे. माल परदेशी जायचा तर प्रत्येक बागेची जन्मकुंडली लागते. कधी छाटली, काय फवारलं, किती फवारलं, कोणतं औषध काढणीच्या किती आधी थांबवलं. मण्यात औषधाचा नको तेवढा अंश सापडला की माल परत. ही सगळी नोंद ठेवायला गटानं ‘वेलनोंद’ नावाचा प्रोग्रॅम घेतला होता. तो ओपन सोर्स होता. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो पाईपलाईनच्या कामातला वाटला होता. मग कळलं, आणि इतकं आवडलं की मी तो गटाला खानावळीच्या भाषेत समजावून सांगितला. समजा एक खानावळवाला आहे. तो आमटी तर वाढतोच, पण आमटी कशी करायची ते भिंतीवर लिहूनही ठेवतो. ज्याला घरी करायची त्यानं घरी करावी. ज्याला वेळ नाही त्यानं महिन्याचे पैसे भरून ताटावर बसावं. आम्हाला वेळ नव्हता. आम्ही पैसे भरून ताटावर बसलो, आणि तीन हंगाम मिटक्या मारत जेवलो.

खरंच चांगला होता तो प्रोग्रॅम. सकाळी मोबाईल उघडला की बागेचं वय, रात्रीचा पाऊस, दावण्याचा धोका किती, सगळं समोर. दावण्या म्हणजे द्राक्षाच्या पानावरचा करपवणारा रोग, ऑक्टोबरच्या पावसात तो एका रात्रीत बाग खातो. आणि या सगळ्याच्या वर एक हिरवी पट्टी यायची. त्या पट्टीत त्या दिवशी त्या बागेत चालणारं औषध लिहिलेलं असायचं, आमच्याच गटानं तज्ज्ञांना विचारून भरलेल्या वेळापत्रकातून आलेलं. हळूहळू आमची रीतच पडून गेली. बागवाला सकाळी त्या पट्टीचा फोटो काढून फवारणीच्या ट्रॅक्टरवाल्याला पाठवणार. ट्रॅक्टरवाला फाट्यावरच्या दुकानात फोटो दाखवणार, बाटली घेणार, टाकीत ओतणार, फवारणार. मधे कुणी काही बोलायचं नाही. हिरवी पट्टी म्हणजे आजचं औषध. आमच्याकडं लहान पोराला विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

माझ्या बागेला लागून नलूवहिनींची बाग आहे. त्यांचे मालक सर्जेरावदादा कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात. आमच्या भागातले निम्मे पुरुष असेच देशभर भट्ट्यांसमोर बसलेत, आणि मागं बागा बायका चालवतात. सर्जेरावदादांना सोन्यातली भेसळ नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून कळते म्हणतात. वहिनींना बागेतली कळते. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी सगळी बाग एकटीच्या जोखमीवर परदेशी मालासाठी नोंदवली होती. सासरे म्हणाले होते, कशाला, बेदाणा करू, झोप तरी लागंल. वहिनी म्हणाल्या होत्या की झोप काय, ती मेल्यावर लागतीच. हे वाक्य गावभर झालं होतं, त्यामुळं आता मागं फिरणं नव्हतं.

घड बाहेर पडले होते. फुलोऱ्याच्या आधीचा घड बघितलाय का कधी? हिरव्या मोहरीची छोटी केरसुणी. त्या दिवसांत बागेला एक गोडसर, दमट वास असतो, पहिल्या दुधासारखा. त्या सकाळी मी माझ्या बागेत होतो आणि मला दुसराच वास आला. सुकट तळल्यासारखा. एवढ्यात वहिनी तारेखालून वाकून आल्या, हातात एक ओलं पान.

‘भाऊजी, ह्यो वास घ्या. आपल्या कुठल्या औषिदाला असा वास हाय?’

त्यांच्या बागेत ट्रॅक्टर थांबलेला होता. वर दत्तूअण्णा, आमच्या गावचे फवारणीवाले, मला वयानं थोडे वडील आणि कामाला चोख. वहिनींनी त्यांना चौथ्या ओळीच्या शेवटी हात आडवा करून थांबवलं होतं. अण्णा पुरते गोंधळले होते. खिशातून मोबाईल काढून त्यांनी मला फोटो दाखवला.

‘पट्टीत हुतं तेच घातलं, विलास. ही बघ. हिरवी हाय का न्हाई?’

हिरवी होती. एकाखाली एक अशा दोन हिरव्या पट्ट्या होत्या. वरची आमची, रोजची. खालची तशीच हिरवी, तेवढीच रुंद, तसल्याच अक्षरांत. ‘घड लांब, मणी टपोरे’ असं म्हणून एका टॉनिकचं नाव. आणि पट्टीच्या कोपऱ्यात, बारीक ठिपक्याएवढ्या अक्षरांत एक शब्द होता, तो मी चष्मा काढून, चष्मा लावून, मोबाईल उन्हात धरून वाचला. प्रायोजित.

मी बाटली बघितली. बाटलीवर टपोऱ्या द्राक्षांचं चित्र होतं, हसणारा शेतकरी होता, आत काय आहे ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी मालाची तपासणी करणारे ओळी बघत नाहीत. अख्ख्या बागेतून इकडून तिकडून घड घेतात, एकत्र करतात आणि एकच नमुना प्रयोगशाळेत जातो. चार ओळींत काही नको ते असलं तर त्या चार ओळींबरोबर सगळी बाग बाद. कदाचित त्या टॉनिकमध्ये काहीच नसेल. कदाचित नुसता मासळीचा अर्क असेल. पण कदाचित हा शब्द त्या तपासणीत चालत नाही.

वहिनींनी दुपारपर्यंत वाट बघितली. बाटलीवरच्या नंबरला मी फोन लावत राहिलो, तिकडून गाणं वाजत राहिलं. मग त्या उठल्या, कात्री घेतली आणि त्या चार ओळींतले सगळे घड कापून खाली टाकले. मी दुसऱ्या बाजूनं कापत गेलो. दत्तूअण्णा ट्रॅक्टरच्या सावलीत बसून राहिले, त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. छाटणीच्या वेळी काडीला कात्री लागली की कट असा आवाज होतो. कोवळ्या घडाला आवाज होत नाही. इतकी वर्षं बागेत घालवून हे मला त्या दुपारी कळलं.

ओळ संपली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘आत काय हाय ते म्हाईत न्हाई, ते मी दुसऱ्याच्या तोंडात घालनार न्हाई.’ आणि मग, कात्री पुसत, ‘आता त्या पट्टीवाल्याला बघू.’

दुसऱ्या दिवशी गटाच्या शेडमध्ये सगळे जमले. आमची सभा म्हणजे आधी चहा, मग भांडण, मग पुन्हा चहा. काहींचं म्हणणं होतं, एवढं काय त्यात, जाहिरात कुठं नसते, पेपरात नसते का, एसटीच्या पाठीवर नसते का. एकानं तर ते टॉनिक सवलतीत मिळत होतं म्हणून दोन बाटल्या मागवूनही ठेवल्या होत्या आणि आता त्या कुठं लपवाव्यात या विचारात तो गप्प बसला होता. दुसऱ्यानं माझ्याकडं बोट केलं, की विलास तर देवापुढं उभा राहून जाहिरात करतो. हशा झाला. मी उठून नमस्कार केला. म्हटलं, करतो, आणि यापुढंही करीन. पण मी मंडपात ओरडतो. कुणाच्या औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरच्या अक्षरात मी पंपसेट लिहीत नाही.

मग वेलनोंदच्या कंपनीला फोन लावला, स्पीकर मोठा करून मध्ये टेबलावर ठेवला. पलीकडं एक गोड आवाजाचा माणूस होता. तो ‘सर’ इतक्यांदा म्हणाला की आम्हाला सगळ्यांनाच पदवी मिळाल्यासारखं वाटलं. त्याचं म्हणणं असं, की ती शिफारस नाही, नुसती सूचना आहे, आणि प्रायोजित असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी म्हटलं, आम्ही पैसे भरतो. फुकट वापरणाऱ्याला दाखवलीत तर समजू शकतो. तो म्हणाला, बरोबर आहे सर, पण वरच्या वर्गणीत या पट्ट्या येत नाहीत, ती घेतलीत तर काही अडचण नाही.

वहिनी टेबलाकडं सरकल्या.

‘म्हंजे आमी पैसे भरले ते बघायसाठी, आन् आनखी भरायचं ते न बघायसाठी?’

मग तो जे बोलला ते मला अजून आठवतं, कारण ते खोटं नव्हतं. मूळ प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय, तो लिहिणारी माणसं आहेत, त्यांचीही घरं चालली पाहिजेत. मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, पण हलवली. लिहिणाऱ्याचं घर चाललंच पाहिजे. आम्ही त्यासाठीच तर पैसे भरत होतो, तीन हंगाम, न मागता, वेळेवर. त्याला थोडे जास्त मागायचे असते तर तोंडानं मागायचे होते. आमच्या हिरव्या पट्टीत शिरून नव्हे.

मी म्हटलं, मग आम्ही निघतो.

तो हसला. उद्धटपणे नाही, ओळखीचं हसला. म्हणाला, ‘सर, ऐन हंगामात कुणी बदलत नाही.’

हे त्याचं शेवटचं पान होतं आणि ते भारी होतं. बाग भर वयात असताना द्राक्षवाला चप्पलसुद्धा बदलत नाही. शेडमध्ये सगळ्यांनी खाली बघितलं. मग वहिनींचा आवाज आला, शांत, बाजारात भाव सांगतात तसा.

‘म्हनूनच तुमी ऐन हंगामात लावली की.’

त्या वाक्यानं सभा संपली. चहा राहिला, भांडणही राहिलं.

कुपवाडला शैलाताई म्हणून आहेत. माहेर रहिमतपूरचं, वडील बँड पथकात क्लॅरिनेट वाजवायचे. ताई कारखान्यांतल्या मशिनींचे प्रोग्रॅम सांभाळतात, स्वतःचा छोटा वर्कशॉप आहे. त्यांना गाडी पाठवतो म्हटलं तर त्या दुचाकीवरून हेल्मेटमध्ये धूळ भरून आल्या आणि आधी दोन भाकरी मागितल्या. मग शेडमध्ये बसून त्यांनी वेलनोंदचं मूळ लिखाण उतरवून घेतलं, ते जगात कुणालाही घेता येतं. जेवल्यासारखं सावकाश वाचलं. आम्ही सगळे त्यांच्या मागं उभे, जणू शल्यक्रिया चालू आहे.

त्यांनी सांगितलं, जाहिरातीचा तुकडा या उघड्या लिखाणात नाहीच. तो कंपनीनं फक्त स्वतःच्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलाय. भिंतीवरची आमटी अजून शुद्ध आहे. कडू झाली ती वाढताना. आम्ही आनंदानं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागलो, तेव्हा ताईंनी हात वर केला.

‘जायला दार उघडं हाय, पण चालायचं आपल्याच पायानं. उद्या बंद पडला तर फोन कुणाला करनार? मला. मी आले न्हाई तर? तुमचं तुमी.’

आणि एक वाईट बातमी होती. पावसाचा अंदाज आणि दावण्याचा धोका, हे प्रोग्रॅममध्ये नव्हतं. ते कंपनी स्वतःच्या यंत्रांवरून पुरवायची. निघालो की ते बंद. म्हणजे ऐन ऑक्टोबरात आमचे डोळे जाणार होते.

ही खरी किंमत होती. पैशातली नव्हे. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत गेलो. तिघांनी सांगितलं, आम्ही कंपनीकडंच राहतो, आम्हाला अंदाज पाहिजे, पट्टीकडं बघणार नाही. राहिले. कुणी त्यांना गद्दार म्हणालं नाही. जायची मोकळीक असेल तर राहायचीही असायला हवी, नाहीतर ती मोकळीक कसली. बाकीचे निघाले, आणि ताईंनी प्रोग्रॅम शेडमधल्या कॉम्प्युटरवर उभा केला. आमच्या जुन्या नोंदी उतरवून घ्यायचं बटण कंपनीनं ठेवलेलं होतं. ते त्यांनी चांगल्या दिवसांत, चांगल्या मनानं ठेवलं होतं, हेही सांगायला पाहिजे. नोंदी आल्या, फोटो आले नाहीत, दोन बागांची नावं एकमेकांना चिकटली. ताई कुपवाडहून रोज संध्याकाळी फोनवर, आणि गटातली माणसं चष्मे लावून एकेक ओळ तपासतायत, असे दिवस गेले. हिरव्या पट्टीचं दत्तूअण्णांनी स्वतः सांगितलं, तिच्यावर बागवाल्याचं नाव आणि ‘आपल्या गटाचं’ असं मोठ्या अक्षरात यायला पाहिजे, ते दिसल्याशिवाय मी टाकीचं झाकण उघडणार न्हाई. ताईंनी तसं केलं. भिंतीवरच्या आमटीत आम्ही आमचा एक चमचा घातला तो हा.

अंदाजाचं काय केलं? पावसाचं माप लावलं आणि पाळी लावली. पान जास्त वेळ ओलं राहिलं की दावण्या येतो, म्हणून पहाटे एकानं उठायचं, पानं हातानं चाचपायची, किती ओली, केव्हापासून, आणि मला सांगायचं. मी ते मोबाईलवर आवाजात भरून गटाला पाठवायचो. साधं कोण सांगणार? मी दवंडी द्यायचो. ऐका हो ऐका, पूर्वेच्या बागांत पान ओलं, पश्चिमेला वारं, नलूवहिनींच्या बागेत धुकं आत शिरलंय आणि बाहेर जायचं नाव घेत नाही. माझ्या बायकोच्या मते त्या महिन्यात मी जितका सुखी होतो तितका लग्नातही नव्हतो. गंमत अशी झाली की कंपनीकडं राहिलेले तिघंही चोरून माझी दवंडी ऐकायला लागले.

फसलो का कुठं? फसलो. एकदा आमच्या ओल्या पानांचा अंदाज चुकला आणि माझ्याच बागेच्या कोपऱ्यात दावण्या आला. मी घड गमावले. त्या दिवशी कंपनीचा अंदाज बरोबर होता, हे तिघांपैकी एकानं मला फार प्रेमानं येऊन सांगितलं. मी त्याला चहा पाजला. काय करणार?

मग थंडी आली, मण्यात पाणी भरलं, बागेतून चालताना पानांच्या मधून पिवळा उजेड डोक्यावर सांडायला लागला. तपासणीवाले आले. वहिनींच्या बागेत इकडून तिकडून घड घेतले, एका पिशवीत घातले, सील केलं आणि गेले. त्या दिवसांतही रिकाम्या चार ओळींना वहिनींनी इतर ओळींइतकंच पाणी दिलं, तितकंच खत दिलं. मी विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं की त्या वेलींची चूक काय, त्यांना कशाला उपाशी ठेवू.

नमुना पास झाला. आनंदाची बातमी मी माईकवरून सांगायची तयारी केली होती, पण वहिनींनी आधी कोइमतूरला फोन लावला आणि माझ्या आधी सगळं गाव उठवलं ते सर्जेरावदादांच्या ओरडण्यानं, फोनचा स्पीकर चालू राहिला होता.

इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण हंगाम संपल्यावर, खोडांना विसावा दिलेला, सगळं गाव उन्हात पेंगतंय, अशा एका दुपारी वहिनी आमच्या पडवीत येऊन बसल्या आणि त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला. आता त्या प्रोग्रॅमची किल्ली कुणाकडं आहे?

माझ्याकडं होती. शेडमधल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड, नोंदींची नक्कल ठेवायला इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या जागेचा पासवर्ड, सगळं माझ्याकडं. मी ते थोड्या अभिमानानंच सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, ‘मंग कंपनी गेली आन् भाऊजी आले. फरक काय पडला?’

मी हसलो, मग हसणं थांबलं. फरक एवढाच होता की त्यांचा माझ्यावर विश्वास होता. कंपनीवरही होता की, तीन हंगाम.

त्यातून आमची ही रीत निघाली. दर वर्षी, गटातली पहिली काडी छाटायच्या आधी, गट निघून जायची तालीम करतो. हो, तालीमच. नाटकाला करतात तशी, पडद्यामागं, सगळी पात्रं हजर. सगळ्या नोंदी आणि प्रोग्रॅमचं लिखाण प्रत्येक सभासदाला मिळतं. मग एकाच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर ते उभं करायचं, आणि मी शेडमधला कॉम्प्युटर माझ्या हातानं बंद करायचा. घरी उभं राहिलेलं चाललं तर तालीम पास. नाही चाललं तर ते नीट होईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. शैलाताई म्हणतात, हे मोठ्या कारखान्यांतही कुणी करत नाही. पण शैलाताई आमचं मन राखायला काहीही म्हणतात.

यंदाच्या तालमीच्या आधी बबनशेठ आले. तालुक्याला त्यांचं खतांचं आणि ठिबकचं मोठं दुकान, माणूस दिलदार, गणपतीला मी त्यांचं नाव दरवर्षी लांबवून लांबवून घेतो. त्यांनी प्रस्ताव आणला होता. गटाला हवामानाचं यंत्र घेऊन देतो, स्वतःच्या खर्चानं. पहाटे उठून पानं चाचपायची कटकट गेली. बदल्यात काय? हिरव्या पट्टीच्या खाली एक ओळ. औषधाचं नाव नाही, जाहिरात नाही, नुसतं दुकानाचं नाव.

माझं मन विरघळलं, कबूल करतो. यंत्र हवं होतं. दावण्यानं खाल्लेला तो कोपरा अजून मनात होता. आणि बबनशेठ काही फसवणारा माणूस नव्हता. गटाला विचारलं. बरेच जण माझ्यासारखेच विरघळले. वहिनी म्हणाल्या, घ्यायचं असलं तर घ्या, मी माझी बाग घेऊन जाईन, गेल्या वर्सीची तालीम झालीच हाय. त्यात राग नव्हता. पाऊस येणार आहे, छत्री घेते, असं म्हणावं तसं.

मग मीच एक शक्कल काढली. बबनशेठला म्हटलं, यंत्र रस्त्याकडेच्या खांबावर लावू, आणि खांबाला वरपासून खालपर्यंत तुमचं नाव रंगवू. रात्री चमकेल अशा रंगात. उद्घाटनाला मी स्वतः माईकवर, अर्धा तास. पट्टी मात्र नको.

शेठनी खांबाच्या दिशेनं बघितलं आणि हसले. ‘खांबाकडं कोन बघतंय, विलासभाऊ? सकाळी उठून मानूस पट्टीकडं बघतंय.’

‘तेच तर,’ मी म्हटलं.

शेठ समजूतदार माणूस. चहा घेतला, बाग किती दिवसांची होणार ते विचारलं आणि गेले. यंत्र गेलं. पहाटेच्या पाळ्या यंदाही ठरल्या, पहिली पाळी माझी.

काल दुपारी तालीम झाली. यंदा नलूवहिनींचं घर. मी शेडमध्ये एकटा बसलो होतो आणि ठरल्या वेळी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज थांबला. ज्याच्याकडं सगळा गट सकाळी तोंड धुवायच्या आधी बघतो ते यंत्र गप्प पडलं, आणि बाजूला मी, आयुष्यभर माईक न सोडलेला माणूस, गप्प. बाहेर टोळीतल्या बायका झाडाखाली कात्र्यांना धार लावत वाट बघत होत्या.

मग मोबाईल वाजायला लागला. एकानं कळवलं, दिसतंय. दुसऱ्यानं, दिसतंय. दत्तूअण्णांनी फोटो पाठवला, हिरवी पट्टी, वर नाव, ‘आपल्या गटाचं’. शेवटी वहिनींचा फोन आला.

‘भाऊजी, तुमच्याबिगर चाललंय बघा.’

मी पडद्यात बघितलं. काळ्या काचेत माझंच तोंड होतं, आणि ते हसत होतं.

म्हटलं, ‘वहिनी, मग आज संध्याकाळपर्यंत तसंच चालू द्या.’